लुगड्यातली हाफ मॅरेथॉन

मागच्या पोस्टमध्ये मी एक चूक लिहिली आहे. 'शेवटी सिल्विया जोशात पुढे निघून गेली' असं मी म्हटलं होतं... ते खरं नाही. ती माझ्यावर रागावून पुढे गेली होती, आणि लिहिताना मला ते माहीत होतं.

ती पोस्ट काढत नाहीये. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं आईने घरीच शिकवली. चुकलेला शब्द गिरगटायचा नाही, त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं, असा तिचा नियम होता. म्हणून हे शेजारी लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... सिल्विया पालीच्या कोळीवाड्यातली, मी भाईंदरच्याच जेसल पार्कची. आम्ही दोघी वेष करून हाफ मॅरेथॉन धावतो. एकदा दुधी आणि टोमॅटो झालो होतो, एकदा ट्रॅफिक हवालदार.

आमची अट एकच, फिनिश लाइनपर्यंत सोंग सोडायचं नाही. हवालदार झालो तेव्हा मी वाटेत शिट्टी मारून धावणाऱ्यांकडे लायसन मागत होते, आणि सिल्विया पोट धरून हसत होती.

या वेळी कोळीण व्हायचं, ही कल्पना माझी. सिल्विया म्हणाली, "आईची लुगडी आहेत... विचारते." तिची आई भाईंदरच्या बाजारात मासे विकते. आमच्या घरी मासळी त्यांच्याकडूनच येते, मी त्यांना मावशी म्हणते.

रेसच्या दिवशी पहाटे मावशींनीच आम्हाला नेसवलं. सणाला, लग्नाला काढतात ती लुगडी. माझं त्यांनी सोडून पुन्हा बांधलं आणि दारातल्या दारात पळून दाखवायला लावलं. "आता पडणार न्हाय," म्हणाल्या, आणि केसांत वेणी माळली.

रेस सुरू झाल्यावर एका पाण्याच्या टेबलाजवळ एक व्हॉलंटियर ओरडला, "ए मावशी, पापलेट ताज़ा है क्या?" मी कमरेवर हात ठेवला, आवाज चढवला. "लेना हाय तो ले, न्हाय तो चल फूट!" सगळे हसले, मोबाइल बाहेर आले.

मग पुढच्या टेबलाशीही मी तेच केलं. त्याच्या पुढच्याही. कुणी विचारलं नाही तरी केलं... मजा येत होती, हेही लिहायलाच हवं.

सिल्विया मात्र हसत नव्हती, सरळ पुढे बघून धावत होती. मी तिला म्हटलं, "अगं, सोंग सोडू नकोस ना." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझं कसलं सोंग?" आणि वेग वाढवून निघून गेली.

ती दमली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी हात हलवत, फोटो देत फिनिश केलं.

तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. तिथून फिरत फिरत पालीत, मावशींच्या गल्लीत पोचला.

नंतर मी बाजारात गेले. मावशींनी नेहमीसारखे बोंबील साफ करून दिले, वर थोडे जास्त टाकले. मग पिशवी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "मी गिऱ्हाईकाला कधी 'फूट' बोललंय काय गो?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्या खरंच आठवून बघत होत्या... आपण कधीतरी तसं बोललो असू, आणि या पोरीने ते ऐकलं असेल, असं त्यांना वाटत होतं.

मी काय म्हणाले? "अहो मावशी, मस्करी होती ती." आणि बोंबील घेऊन घरी आले. साधं 'नाही' सुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

सिल्वियाला मी लांबच लांब मेसेज पाठवले. तिचं एकच उत्तर आलं, "मला सॉरी नको. आईशी बोल." पुढच्या रेसचं रजिस्ट्रेशन आम्ही नेहमी एकत्र करतो. ते सुरू झालंय... मी तिला विचारलेलं नाही. आता विचारायचा हक्कही नाही माझा.

आणखी एक दुरुस्ती. 'आम्ही दोघी कोळणीच्या वेषात' असं मागच्या पोस्टमधल्या फोटोखाली लिहिलंय, तेही चूक आहे. वेष माझ्या एकटीचा होता. सिल्वियाने तिच्या आईचं लुगडं नेसलं होतं.

ज्यांच्याकडे तो व्हिडिओ आहे त्यांनी कृपया पुढे पाठवू नका. खाली माझी समजूत घालणाऱ्या कमेंट्सही नकोत, खरंच.

गुरुवारी बरेच जण मासे खात नाहीत, म्हणून मावशी त्या दिवशी बाजारात येत नाहीत, घरीच असतात. मी ऑफिसात रजा टाकली आहे. ज्या गल्लीत तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला तिथेच, शेजारणींना ऐकू जाईल असं, मला त्यांना सांगायचंय की तुम्ही तसं कधीच बोलला नाहीत, ते सगळं माझं होतं.

येत्या गुरुवारी, सकाळीच.