हॉर्न नसलेली गाडी

आधीच सांगते, मी घाबरट बाई नाही. माझं माहेर मसणवट्याला लागून होतं, लहानपणी तिथल्याच लिंबाखाली आम्ही सागरगोटे खेळायचो. कुणाच्या अंगात आलं की मला हसू फुटायचं आणि सासूबाई डोळे वटारायच्या. इथं तुम्हा लोकांचे अनुभव वाचते — हडळ, चकवा, मागून येणारी पावलं — आणि मनात म्हणते, चालू द्या तुमचं. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. रात्रसुद्धा नाही, सगळं लख्ख उजेडात घडलंय. भीतीही फारशी नाही... लाज आहे. इतकी, की सुनेला सांगून लिहून घ्यावं म्हटलं तर जीभ रेटेना, म्हणून एका बोटानं मीच टाइप करतेय.

बहात्तरच्या दुष्काळाचा शेवटचा उन्हाळा. आम्ही उमरग्याला राहायचो. हायवेवरच आमच्या ह्यांचं दुकान होतं — पाण्याच्या मोटारी, पाइप, ऑइल इंजिन. विहिरी आटल्या की लोक त्या आणखी खोल खणतात, आणि खोल खणलं की मोठी मोटार लागते. म्हणजे सगळा मुलूख रडत होता तेव्हा आमचं दुकान जोरात चाललेलं. बोलायला बरं वाटत नाही, पण होतं ते होतं.

ह्यांना गाडीचं वेड. आणि साधी जीप नको, ती काय फौजदाराकडंही असते म्हणायचे. सोलापूरच्या एका दलालानं ह्यांच्यासाठी हेरून ठेवली ती परदेशी स्टेशन वॅगन. चारही चाकांना जोर, आत बैठक मारून जेवता येईल एवढी जागा. एका मिशनचा फिरता दवाखाना होता तिच्यात. एक गोरी सिस्टर ती स्वतः चालवायची आणि डोंगरातल्या वाड्यांना औषधं द्यायची. पुढं ती म्हातारी झाली, आपल्या देशात परत गेली, दवाखाना बंद पडला आणि गाडी विकायला निघाली.

रज्जाक मिस्त्रीच्या शेडमध्ये ती गाडी किती तरी दिवस उभी होती. आतलं औषधांचं कपाट उपटलं, रोग्याला निजवायची फळी होती ती काढली. तिथं समोरासमोर बाकं आली, मरून रंगाच्या रेक्झिनची, बोटभर जाड फोम घातलेली. वर कॅरियर, पुढं लोखंडी गार्ड, दोन जादा दिवे, ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे टायर. मागं तोटीचा पाण्याचा ड्रम, आणि आतून पत्रा मारलेली बर्फाची पेटी. पांढऱ्याचा हिरवा रंग झाला. खिडक्यांना झालरीचे पडदे मी शिवले, ते माझ्याच डोक्यातून निघालेलं खूळ. जुना हॉर्न ह्यांना आवडला नाही, म्हणे रेडकू ओरडल्यासारखा वाजतो. तो मिस्त्रीनं काढून भंगारात दिला. हैदराबादहून सुरात वाजणारा नवा यायचा होता, तो काही येईना. तोवर स्टिअरिंगच्या मधोमध नुसतं भोक, त्यावर चिकटपट्टी. रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या की हे खिडकीतून हात काढून दारावर थापा मारायचे. हे नीट लक्षात असू द्या, गाडीला हॉर्न नव्हता.

तुळजापूरला नेऊन पूजा केली, चाकाखाली लिंबं चिरडली, आणि मग दर रविवारी सुरू झालं ह्यांचं डोंगर चढणं. रस्ता नसेल तिथंच जायचं. मी म्हणायची, अहो, रस्ता नाही म्हणजे तिकडं कुणाचं काही काम नसतं, आपलंच काय अडलंय? ऐकतील तर शपथ. वाटेत दुष्काळी कामावर बायका खडी फोडत बसलेल्या असायच्या. एवढी मोठी गाडी म्हणजे कलेक्टरच आला असं समजून त्या पदर सावरून उभ्या राहायच्या. आणि आमचे हे हात वर करून त्यांचा नमस्कार घ्यायचे. मी झालरीच्या पडद्यामागं तोंड लपवायची.

एका रविवारी एका साखर कारखान्याचे संचालक आणि त्यांच्या मिसेस आमच्या सोबत आले. त्यांच्या शब्दावर ह्यांना पाइपांचं मोठं काम मिळणार होतं, त्यामुळं बडदास्त विचारू नका. पहाटे उठून मी पुऱ्या तळल्या. जळकोटच्या पुढं आत वळलो, एका कोरड्या ओढ्यातनं दगडांवरनं गाडी वर चढवली, संचालकसाहेब लहान मुलासारखे हसत होते. दुपारी आम्ही एका खिंडीतनं पलीकडं उतरलो. खाली एक छोटी वाडी होती. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून असतील.

वाडीच्या अलीकडं वाटेवरच बाभळीखाली माणसं उभी होती. मधे एक बाज, बाजेवर बाई, तिच्या अंगावर लुगडं पांघरलेलं. गाडी बघून कुणालाच नवल वाटलं नाही. एक म्हातारी पुढं आली, तिनं ‘जय भीम’ म्हणून हात जोडले आणि सरळ दाराला हात घातला.

“लई येळ लावला, बाई,” ती मला म्हणाली. “सकाळच्यानं वाट बघायलोत.”

ह्यांनी विचारलं, आम्ही येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?

“हॉर्न वाजला की खिंडीत. एक लांब अन् दोन बारके. शिस्टरबाईचा वाजायचा तसाच.”

तिचं नाव सोजराबाई. बाजेवर तिची सून, कमल. आदल्या दिवसापासून अडलेली. सोजराबाईच्या बोलण्यातनं कळलं ते असं, की ती गोरी सिस्टर खिंडीत गाडी थांबवून असा हॉर्न द्यायची. तो ऐकला की रानातली माणसं कामं टाकून रोग्याला बाभळीखाली आणायची, म्हणजे गाडी खाली उतरेपर्यंत सगळे जमलेले असायचे. त्या दिवशी सकाळी कमलला जळकोटला न्यायला त्यांनी छकडा जुंपला होता. इतक्यात हॉर्न ऐकला आणि बैल सोडले. छकड्याच्या हादऱ्यानं पोरीचे हाल कशाला, दवाखान्याची गाडीच आली म्हणून.

सकाळी आम्ही उमरग्यात होतो. मी पुऱ्या तळत होते.

संचालक म्हणाले, दुसऱ्या एखाद्या ट्रकचा असेल. त्या वाटेला ट्रक कुठला येतोय? ह्यांनी स्टिअरिंगवरच्या चिकटपट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पण तो विचार करायला सवड कुठं होती! बाजेवरची पोर ओरडतही नव्हती, नुसती कण्हत होती.

आता गाडीत तिला निजवायचं तर गाडी रिकामी करायला पाहिजे. हे घुटमळले. पाहुण्यांना इथं उन्हात कसं सोडायचं, असं माझ्या कानात पुटपुटले. संचालकसाहेब मात्र स्वतःच उतरले, त्यांचं मोठेपण मी नाकारणार नाही. आणि मग सामान निघायला लागलं... घडीच्या खुर्च्या. सतरंजी. उशा, होय, उशा नेल्या होत्या आम्ही. आंब्यांची करंडी. बर्फाच्या पेटीतल्या सोड्याच्या बाटल्या. पत्त्यांचा कॅट, ट्रान्झिस्टर, पुऱ्यांचा डबा, श्रीखंडाचं पातेलं. ज्या वाडीत लोक रेशनच्या तांबड्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढत होते तिथं हे एकेक बाहेर येत होतं, आणि ती माणसं ते दोन्ही हातांनी धरून, फुटू-सांडू न देता सावलीत नेऊन मांडत होती. कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संचालकांच्या मिसेसनी आपला फिरकीचा तांब्या उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला. सोजराबाईनं ते बघितलं. तिनं बघितलं ते मी बघितलं. बाकावर नवी रेक्झिन होती, तर तिच्यावर निजवायच्या आधी सोजराबाईनंच आपलं जुनेर अंथरलं, डाग नको पडायला म्हणून.

खोटं बोलणार नाही, त्या दिवशी ह्यांनी गाडी चालवावी तर अशी. त्याच दगडांवरनं, पण ताटातलं पाणी हलू नये इतक्या जपून. मी खाली बसून कमलचं डोकं धरलं होतं. उमरग्याच्या दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात बाळ झालं. मुलगी. डॉक्टर म्हणाले, छकड्यातनं आणली असती तर दोघीही हाताला लागल्या नसत्या. सोजराबाई माझा हात धरून रडली आणि मीही रडले.

पाहुण्यांना आणायला संध्याकाळी परत वाडीत गेलो. संचालक खुर्चीत बसून लोकांशी पीकपाण्याचं बोलत होते. आंब्यांची करंडी रिकामी होती, पाण्याचा ड्रमही. एक बाई पुढं येऊन म्हणाली, लेकरांनी आंबे खाल्ले, पाणी आमी घेतलं, आधीच सांगून टाकते. चोरल्यासारखं तोंड करून सांगत होती. आम्ही ते आपणहून का दिलं नव्हतं?

निघताना हे गाडीच्या पायरीवर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “काही अडलं तर काळजी करू नका. ही गाडी येईल.”

लोकांनी मान डोलावली. पुढं गावभर ह्यांची वाहवा झाली. दुकानात गिऱ्हाइकांना हे ती गोष्ट सांगायचे, प्रत्येक वेळी खिंड थोडी आणखी उंच व्हायची. त्या वाडीला मात्र आम्ही परत गेलो नाही. ह्यांना तिथं जायला संकोच वाटायचा आणि मला तर विचारूच नका. हैदराबादहून नवा हॉर्न आला, लग्नाच्या बँडसारखा वाजायचा. पाऊस सुरू झाला, डोंगरातल्या वाटा चिखलात गेल्या, गिअरबॉक्स कुरकुरायला लागला. गाडी पुन्हा रज्जाक मिस्त्रीकडं पडली, चारही चाकं काढून विटांवर.

श्रावण संपत आला होता तेव्हा एका सकाळी सोजराबाई दारात आली. एस.टी.नं आली होती. बाहेरच पायरीवर बसायला लागली, मी हाताला धरून आत आणलं, चहा दिला. कमल कशी आहे, बाळ कसं आहे, माझं आपलं सुरू. ती कप हातात धरून बसली होती, प्याली नाही.

“त्या दिशी आलाव का न्हाय, बाई?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, आजी, कोणत्या दिवशी?

तिनं सांगितलं. बाळाला हगवण आणि वांत्या लागल्या होत्या. रात्रभरात पोर सुकून गेली. सकाळी जळकोटला न्यायला छकडा जुंपला आणि हॉर्न वाजला. खिंडीतनं, एक लांब, दोन बारके. एकट्या तिनं नाही, अख्ख्या वाडीनं ऐकला. मग बैल सोडले. आता गाडी येणार म्हटल्यावर चिखलातनं छकडा कशाला घालायचा? बाळाला घेऊन कमल बाभळीखाली जाऊन बसली. खिंडीतनं खाली यायला वेळ लागतोच, उतरायलेत, आता येतील, असं म्हणत सगळे बसून राहिले. दुपार झाली तरी कुणाचा पाय निघेना, आपण निघायचो आणि गाडी यायची. दिवस कलता कलता पोर कमलच्या मांडीवर गेली.

तिनं हे सगळं खालच्या आवाजात सांगितलं. रागानं नाही. हिशेब विचारायला नाही. खरंच काय झालं ते कळावं म्हणून म्हातारी एवढ्या लांब आली होती.

मी म्हटलं, आजी, देवाशपथ सांगते, आम्ही आलोच नव्हतो. गाडी मिस्त्रीकडं आहे, तिला चाकं नाहीत. उठा, चला, दाखवते. मी तिला शेडमध्ये घेऊन गेले. विटांवरची गाडी तिनं नीट बघितली, वाकून खालूनही बघितली. मिस्त्रीनंही सांगितलं की गाडी महिनाभर हलली नाही. मला वाटलं, आता तरी पटेल.

ती गुडघ्यावर हात टेकून सरळ झाली. मग म्हणाली, “कमल म्हणती, गाडी खिंडीपतूर आलती. वरूनच आमाला बघितलं अन् माघारी गेली.”

मी तिला एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. ह्यांना सांगितलं तेव्हा हे जेवायचे थांबले, ताट तसंच सारलं. नंतर ती गाडी विकली, कुणाला आणि केव्हा ते मला सांगितलंही नाही.

आता हे राहिले नाहीत. मी मात्र अजून विचार करते. दोन्ही वेळा तो हॉर्न कुणी वाजवला? वारा म्हणावा तर एक लांब, दोन बारके असा वारा वाजतो का? भास म्हणावा तर अख्ख्या वाडीला एकाच वेळी? आणि पहिल्यांदा जीव वाचवायला वाजला असेल, तर दुसऱ्यांदा कशासाठी?

कमल असेल अजून. माझ्याहून पाचसात वर्षांनी लहान असेल. तिच्या मनात आजही तेच असणार, की आम्ही आलो होतो, वरून बघितलं आणि परत गेलो. हे खरं नाही. तिच्याकडं जाऊन तसं सांगावं असं किती तरी वेळा वाटलं. पण ज्यांनी भर दुष्काळात तिच्या बाजेशेजारी श्रीखंडाचं पातेलं उतरवलं, त्यांच्यातलीच मी एक, आणि मी सांगितलेलं तिनं खरं का मानावं?