गंगीचा घास

खोकणाऱ्या आईने लेकराच्या घासावर फुंकर घालावी का?

आज हट्टा गावाजवळच्या शेतात हळद शिजत होती. त्या वासाने मला आमच्या जुन्या चुलीपाशी नेलं. शाळेतून मी आणलेला खोकला आईला लागला होता. माझ्या धाकट्या बहिणीला, गंगीला, कण्या भरवताना ती प्रत्येक घास फुंकून निववत होती.

काका म्हणाले, "वहिनी, तुमी खोकून राहिल्या. वाटी इकडं द्या."

"काहून? आईचा वारा बाधतो व्हय लेकराला?"

सगळे हसले. गंगीनेही हसत तोंड उघडलं. तेव्हा ते किती गोड वाटलं होतं! मग तिची छाती घरघरू लागली आणि त्या साली अंगणात पसरलेली हळद वाळायच्या आत रिकामा पाळणा माळ्यावर गेला.

घास दुसऱ्याने भरवला म्हणून माया कमी होत नाही. खोकला असेल तर तोंडाला पदर बांधा आणि लेकराची वाटी धडधाकट माणसाच्या हाती द्या.