थेल्मा ब्रँडव्होल्डने सोडलेला माग

थेल्मा ब्रँडव्होल्ड आमच्या खोलीतली सगळ्यात हळू बाई. हे मी कुचकेपणाने म्हणत नाही, भिंतीवर कागदी तक्ताच होता. कोणी दिवसभरात किती मिलिमीटर फिल्म तपासली, ते रोज संध्याकाळी त्यावर चढे. माझं नाव सगळ्यात वर, थेल्माचं तळाला.

साल १९५६. आदल्या वर्षी कॅलिफोर्नियात, टेकडीवरच्या अवाढव्य यंत्रात उलटा प्रोटॉन सापडला होता. वजन प्रोटॉनइतकंच, विद्युतभार मात्र उलटा. साध्या द्रव्याला भिडला की हाही संपतो आणि समोरचाही. तो संपताना पकडायचं काम आम्हा सूक्ष्मदर्शकावरच्या बायकांकडे होतं. फिल्मचे जाड थर पत्त्यांच्या जोडासारखे रचून यंत्रासमोर ठेवत, मग सुटे करून, काचांवर चिकटवून, धुऊन आमच्याकडे पाठवत. कणाचा माग म्हणजे काळ्या ठिपक्यांची रेघ. ती एका काचेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत हुडकत जायची. शेवटी रेघांचा तारा फुटलेला दिसला, तर तो आमचा पाहुणा. पण धुताना थर आकसतो आणि रेघ पुढच्या काचेत नेमक्या जागी मिळत नाही. अजिबातच मिळाली नाही तर वहीत 'हरवला' लिहायचं आणि पुढचा माग धरायचा.

थेल्माच्या हातून तो शब्द उतरत नसे. तिने वीस वर्षं चौकडीचे कपडे शिवले होते, शिवणीवर रेघेला रेघ जुळवत.

"रेघ हरवत नाही गं, सरकते," ती म्हणे.

"तुझी नोकरी सरकेल एक दिवस," मी म्हणे.

तसंच व्हायची वेळ आली. एका सोमवारी आमचे प्रमुख डॉ. केलॉग तिच्या टेबलापाशी आले. "मिसेस ब्रँडव्होल्ड, महिनाअखेरपर्यंत आकडा दुप्पट झाला नाही, तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

तिचा नवरा आर्विड गोदीत पाठ मोडून दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. घरची चूल हिच्या पगारावर. शुक्रवारी तक्त्यावर माझ्या खालोखाल तिचं नाव. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला.

पुढच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने जुनी काच काढली. सँडविच कागदात तसंच.

"काय हुडकतेस?"

"मागच्या सोमवारचा एक माग. घाईत सोडला. चैन पडत नाही."

"अगं, मरू दे ना! आत्ता कुठे आकडा वर आलाय."

तिने काच भिंगाखाली सरकवली. साडेतीनला तिने मला खुणेने बोलावलं. मी डोळा लावला. रेघ आपल्या जागेपासून चांगलीच डावीकडे निघाली होती, आणि तिच्या टोकाला पाच पायांचा तारा.

केलॉग धावत आले. मोजमाप करताना त्यांचा चेहरा खुलत गेला. मग त्यांनी वही पाहिली. "हा आधी 'हरवला' म्हणून कोणी सोडला होता?"

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. गप्प बस, बाई.

"मीच," थेल्मा म्हणाली. "तुम्ही आकडा वाढवायला सांगितलात त्या दिवशी."

"असे आणखी किती?"

"त्या आठवड्यात नऊ. तेवढे मला पुन्हा बघू द्या. मग महिनाअखेरीला खुशाल काढा."

केलॉग भिंतीपाशी गेले, तक्ता उतरवला आणि घडी घालून कोटाच्या खिशात घातला. "मिसेस ब्रँडव्होल्ड, तुम्हाला कोणी काढत नाही. नऊच्या नऊ बघा. सावकाश बघा."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"आणि तुमचे किती, मिसेस फॅरो?"

सात महिन्यांची वही होती माझी. मी ती उघडली आणि मोजू लागले. पहिल्याच पानावर अकरा होते.