उलटी फिरलेली चक्की

आमच्या घरात भूत आहे असं मी शेजारीपाजारी कधी बोलले नाही. सुरतेच्या या पांडेसऱ्यात अशी गोष्ट तोंडातून निघाली की संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचते, आणि मग जी ती बाई विरजण मागायच्या निमित्तानं घर बघायला येते. पण सासूबाई गेल्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात दुपारचं एकटीनं बसायची माझी हिंमत नव्हती, हे खरं. आणि त्याला कारण होती माझ्या सासऱ्यांची कॉफीची चक्की.

आता खान्देशी माणसाच्या घरात कॉफीची चक्की कुठून आली, ते आधी सांगते. माझे सासरे लोटू आप्पा जामनेरकडचे. मिसरूड फुटत होतं तेव्हा सुरतेला आले आणि इथल्या एका डाइंग मिलमध्ये फिटर म्हणून लागले, ते केस पांढरे होईपर्यंत. तिथला रंगमास्तर कुंभकोणमचा होता. आप्पांनी त्याचं मशीन कधी अडू दिलं नाही आणि त्यानं आप्पांना कॉफीची चटक लावली. म्हातारपणी गावी परत निघाला तेव्हा आपली हातानं फिरवायची चक्की आप्पांना देऊन गेला. लोखंडी, जडशीळ. वर बिया टाकायची वाटी, खाली चुरा पडायचा लाकडी खण, आणि डोक्यावर लांब दांडी. ती दांडी एका नटानं आवळलेली. तो नट तेवढा लक्षात ठेवा, सगळा घोळ त्याचाच आहे.

आप्पांचा हात अजून फिटरचाच. नट दिसला की त्याखाली स्प्रिंग वॉशर गेलाच पाहिजे. एका जागी कापून जरा वाकवलेली ती कडी नटाखाली बसली, की मशीन कितीही थरथरो, नट हलत नाही. आमच्या घरात पंख्याला वॉशर, पलंगाला वॉशर, माझ्या शिलाई मशीनला वॉशर, कुकरच्या कानालासुद्धा वॉशर. मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, हे म्हातारं मी झोपल्यावर माझ्याही कानात एखादा घालून जाईल!

दर रविवारी चक्की उघडायचा त्यांचा नेम होता. ओट्यावर पेपर पसरायचे, पान्ह्यानं नट काढायचा, दांडी, वाटी, आतले दातेरी तुकडे ओळीनं मांडायचे. पाण्याचा थेंब लागू द्यायचे नाहीत; लोखंड गंजतं. जुन्या टूथब्रशनं दात्यांतला चुरा झटकायचा, कापडानं पुसायचं, पुन्हा जोडून मूठभर मुरमुरे दळायचे. कॉफीचं तेल आत बसून खवट होतं, ते मुरमुरे ओढून घेतात. मी एकदा चांगुलपणानं ती चक्की नळाखाली धरायला गेले, तर असे ओरडले की माझ्या हातातून सुटता सुटता राहिली.

दळायचं काम मात्र सासूबाईंचं. मंगलाबाई डावखुऱ्या. वाढताना, देवाला वाहताना उजवा हात. पण ओट्याच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसल्या की डावा हात मोकळा सुटायचा. चार फेरे सुलटे झाले की एखादा उलटा. उलटा फेरा गेला की नट सैल व्हायचा आणि आप्पा बाहेरून ओरडायचे, "मंगला! नट ढिला व्हयना!" म्हणजे ढिला झाला.

"व्हऊ द्या," सासूबाई आतून म्हणायच्या, "तुम्हले तरी दुसरं काय काम शे?"

मग आप्पा पान्हा घेऊन यायचे, नट आवळायचे, पुटपुटायचे. रोज. एखाद्या घरी रेडिओ लागतो तसं आमच्याकडे हे भांडण लागायचं. एकदा तर मिक्सर जळाला आणि पाहुणे दारात, म्हणून बाईंनी त्या चक्कीत चक्क काळा मसाला दळला. दगडफूल, लवंग, भाजलेलं खोबरं, सगळं! आप्पा दिवसभर बोलले नाहीत. किती रविवार घासली तरी कॉफीला मसाल्याचा वास येत राहिला, आणि बाई पदराआड हसत राहिल्या.

गेल्या दिवाळीनंतर सासूबाई गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. माझं नि त्यांचं काही फार गुळपीठ होतं असं नाही. मी पुसलेला ओटा त्यांना कधी पसंत पडला नाही आणि मीही ऐकून घेणारी नव्हे. पण घर एकदम ओकंबोकं झालं. त्याच महिन्यात खालच्या मजल्यावर एम्ब्रॉयडरीचं खातं सुरू झालं, म्हणजे कारखाना. दिवसरात्र मशीनची घरघर. आमचं त्याकडे लक्षही नव्हतं. आमचा जीव आप्पांमध्ये अडकला होता. आप्पा उठतच नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताट ठेवावं तसं उचलावं. माझे मिस्टर वाल्मिक मार्केटला साड्यांच्या दुकानात कामाला जातात, ते निघताना मला हळूच म्हणायचे, "आईच्या मागोमाग जातात की काय गं?" तीच भीती मलाही होती.

तेरावं झाल्यावर एका सकाळी आप्पा पाणी प्यायला उठले. जाता जाता सवयीनं चक्कीच्या दांडीवर हात ठेवला आणि तिथंच थांबले.

"योगिता," मला म्हणाले, "चक्कीला कोणी हात लावला का?"

कोण लावणार? बाई गेल्यापासून तिच्यावर धूळ होती. आप्पांनी नट चिमटीत धरून हलवला. नट ढिला होता.

"उनी व्हती," ते म्हणाले. आली होती.

मी ओट्यापासून लांब सरकले. पण आप्पांनी पान्हा आणला, नट आवळला, आणि त्या दिवशी पोटभर जेवले. दुसऱ्या सकाळी नट पुन्हा ढिला. तिसऱ्या सकाळीही. मग आप्पा रोज उठायला लागले, अंघोळ करायला लागले, स्वतः बिया दळून कॉफी करायला लागले. दोन कप. एक त्यांचा, एक कोपऱ्यात भिंतीशी. तो कप निवून जायचा आणि दुपारी मी मोरीत ओतायची, तोंड फिरवून.

सांगायला सोपं वाटतं. तुम्ही त्या ओट्यावर भाकरी थापून बघा! पाठीमागे तो कोपरा. कधी कॉफी दळलेली नसतानाही मसाल्याचा वास यायचा, दगडफुलाचा, अगदी नाकाशी. मी मनातल्या मनात म्हणायची, बाई, ओटा पुसलाय हो, दोनदा पुसलाय, आता जा. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. घरात कोणी नाही. सहज वर बघितलं तर चक्कीची दांडी थरथरत होती. बारीक, आपली आपण. मी सूप तिथंच टाकून जिन्यात जाऊन बसले ती वाल्मिक येईपर्यंत.

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आली. खालचे कारागीर लग्नसराईला आपापल्या गावी गेले, खातं बंद पडलं. आम्ही सासूबाईंच्या नावानं घागर भरली. आणि त्या सगळ्या दिवसांत नट हलला नाही. मला वाटलं, सुटले बाई! आप्पांना विचारलं तर म्हणाले, "आखाजीला पोरी माहेरी जातात. ती पण गेली असेल." इतक्या सहज म्हणाले की मला रडू फुटलं. कारागीर परतले, तसा नट पुन्हा ढिला. "उनी माहेरहून," आप्पा म्हणाले आणि शिट्टी वाजवत पान्हा शोधायला गेले.

पण माझी झोप उडाली होती, वजन उतरलं होतं. वाल्मिक वैतागून म्हणाले, "भंगारात देऊन टाकतो ती चक्की." ते मला पटेना. शेवटी आप्पा दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेले असताना मी कोपऱ्यावरच्या गोपालला बोलावलं. गोपाल मिक्सर, शेगड्या दुरुस्त करतो. त्यानं नट काढला, खाली बघितलं आणि हसायला लागला.

"भाभी, इसमें स्प्रिंग वॉशर तो है ही नहीं. नीचे दिन-रात मशीन चलती है, हिल-हिल के खुलेगा ही."

खिशातून एक वॉशर काढून त्यानं घातला, नट आवळला आणि गेला. एवढंच! मी खाली बसले. आधी हसले, मग माझं डोकंच फिरलं. कुकरच्या कानाला वॉशर घालणारा माणूस, आणि याच नटाला नाही? म्हणजे म्हातारं सहा महिने आम्हाला खेळवत होतं? मी इथं रामरक्षा म्हणून म्हणून घसा कोरडा करते आणि यांना सगळं ठाऊक? राहू दे तो वॉशर तिथंच, म्हटलं. बघू दे त्यांनाच.

दुसऱ्या सकाळी आप्पांनी दांडीवर हात ठेवला. नट घट्ट. त्यांनी वाकून बघितलं. वॉशर त्यांना दिसला नसेल असं मी मानणार नाही. ती नजर फिटरची होती. त्यांनी पान्हा डब्यात ठेवला आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

त्या रविवारी चक्की उघडली नाही. पुढच्याही नाही. कॉफी बंद, मग दुपारचं जेवण बंद. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. ताट तसंच परत येऊ लागलं. चक्कीतलं तेल बिघडून खवट वास सुटला, आणि मसाल्याचा वास कुठं गेला कोण जाणे. माझं भूत गेलं होतं. घर मात्र आधीपेक्षा जास्त भयाण वाटत होतं. दुपारी मी त्या कोपऱ्याकडे मुद्दाम बघायची आणि तिथं कोणी नसायचं.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. खातं तर आत्ता आलं. सासूबाई होत्या तेव्हाही त्या नटाला वॉशर नव्हताच. इतकी वर्षं रोज ओरडायचे, रोज आवळायचे, आणि डबाभर वॉशर हाताशी असून एक घातला नाही. घातला असता तर सकाळी तिच्याजवळ जायला काम उरलं नसतं. आणि आता मी घालून घेतलेला वॉशर त्यांना काढताही येत नव्हता. आपल्या हातानं काढला, तर ती येत नव्हती हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

दुपारी आप्पांचा डोळा लागला होता. लाइट गेली होती, खालची मशीनं थांबलेली. मी पेपर पसरला, पान्हा घेतला, सगळा जोर लावून तो नट काढला. वॉशर काढून आप्पांच्या डब्यात टाकला. मग त्यांच्यासारखीच चक्की साफ करायला बसले. टूथब्रशनं दाते झटकले, कापडानं खवट तेल पुसलं. आतल्या दात्यांच्या मुळाशी एका खाचेत काळपट काहीतरी दबून बसलं होतं. नखानं जरा टोकरलं आणि दगडफुलाचा वास आला. लवंग, भाजलेलं खोबरं. सासूबाई समोर येऊन बसल्यासारख्या झाल्या. मला भीती वाटली नाही. वाटलं, म्हणावं, बाई, चुकतंय का काही, बघा तरी. ती खाच मी तशीच ठेवली. बाकी सगळं जोडलं, मुरमुरे दळले, आणि भिंतीला पाठ लावून, डाव्या हातानं दांडी उलटी फिरवली. सवय नाही, खांदा भरून आला. फिरवत राहिले. नट सैल होऊन डुगडुगायला लागला तेव्हा थांबले.

सकाळी मी पीठ मळत होते. आप्पा पाण्यासाठी आत आले. जाता जाता हात दांडीवर गेला. मी मान वर केली नाही. त्यांनी नट चिमटीत धरला, हलवला, मग सावकाश फिरवत बसवू लागले. पुष्कळ वेळ लागला.

"एवढा कधी सुटत नव्हता," ते म्हणाले.

मी पीठ मळतच राहिले. आप्पांनी पान्हा काढला, नट आवळला. बिया ओतल्या, दळल्या. घरभर कॉफीचा आणि त्याच्यामागून मसाल्याचा वास पसरला. त्यांनी दोन कप भरले. एक आपल्यापुढे ठेवला. दुसरा कोपऱ्याकडे नेता नेता थांबले आणि माझ्यापुढे धरला.

"डावा हात दुखी गया व्हई," ते म्हणाले. "बठ. कॉफी ले."

मी पिठाचे हात पदराला पुसले आणि सासूबाईंच्या जागी बसले. कॉफी कडू होती, मला मुळीच आवडत नाही. सगळी प्यायले.

आता नट पुन्हा रोज ढिला असतो. खातं चालू असलं की मशीनमुळे. बंद असलं, लाइट गेली, कारागीर सुट्टीवर गेले, की माझ्यामुळे. आप्पा विचारत नाहीत, मी सांगत नाही. येत्या आखाजीला मात्र मी त्या नटाला हात लावणार नाही. तेव्हा सासूबाई माहेरी असतात.