चारचा धूर

धान उकडायच्या बॉयलरवर माझं आयुष्य गेलं. राईस मिल भंडाऱ्याच्या बाजूला, नदीकाठी. मी राहतो पलीकडे, कारध्याला. सकाळी सायकलने पूल ओलांडायचा आणि चार वाजेपर्यंत भट्टीसमोर उभं राहायचं. लोक मला फायरमन म्हणतात. आग विझवणारा नव्हे, लावणारा.

मी लागलो तेव्हा मिलची चाकं डिझेलच्या इंजिनावर फिरत. मग वीज आली आणि इंजिन भंगारात गेलं. पण ती वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि भिजलेलं धान हौदात तसंच पडून वास मारायचं. बॉयलरला मात्र तेव्हाही भुसाच लागे आणि आजही तोच लागतो, धान भरडल्यावर निघतं ते टरफल. पूर्वी आम्ही तो घमेल्याने उचलून भट्टीच्या दारातून आत फेकायचो. आता तो मोटरवर आपोआप पडतो आणि गोदामाच्या पत्र्यावर सौर पॅनल चमकतात. निम्म्या भुशात काम होतं, असं मालक पाहुण्यांना सांगतात. मला ते निम्म्याहून बरंच जास्त वाटतं, पण पाहुण्यांसमोर मी बोलत नाही.

माझी एक सवय होती. पाळी सुटायच्या वेळी मी दोन घमेली भुसा एकदम भट्टीत टाकायचो, मोटर आल्यावरही, त्याच जुन्या दारातून. आग दबते, भुसा नीट जळत नाही आणि चिमणीतून काळा लोट निघतो. कोणताही शिकाऊ फायरमन असं करेल तर मीच त्याला शिव्या घालेन. पण तो लोट आमच्या अंगणातून दिसायचा. तो दिसला की माझी बायको चुलीवर भात टाकायची. भट्टीसमोर माझ्या घशाखाली घास उतरत नसे, त्यामुळे मी डबा नेत नव्हतो. सायकल भिंतीला टेकवून हातपाय धुईपर्यंत भात शिजलेला असायचा.

एकदा धूर सोडला आणि मालकांनी वाफेच्या दाबाचं गेज बघायला थांबवून घेतलं. तासाभराने ती पूल चालत ओलांडून मिलच्या फाटकाशी हजर. मी धडधाकट आहे हे पाहिलं आणि मग भडकली.

"निघाचं नव्हतं तं धूर कायले सोडला?"

त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. पायात चप्पल सरकवल्याशिवाय ती घमेली उचलायची नाहीत. पुढे घरात मोबाइल आला, पण तो तिने कधी वेळेवर उचलला नाही. धुराने तिला कधी चुकवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगी सासरी, पवनीकडे. तेराव्यानंतर मी कामावर आलो, चार वाजले, आणि माझ्या हाताने दोन घमेली आत टाकली. टाकल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी लक्षात असूनही टाकली. पूल ओलांडताना मागे वळून धूर पाहायचो आणि तेवढा वेळ घरी कोणीतरी आहे असं वाटायचं. कुलूप काढेपर्यंतच. मग मी सकाळचा गार भात खायचो.

यंदा दिवाळीनंतर नवं धान आलं आणि मिलमध्ये कुठे किती जळण आणि वीज खर्च होते ते तपासायला नागपूरहून एक मुलगी आली. तिने बॉयलरला मीटर लावला आणि आठवडाभर लॅपटॉपवर रेघा पाहत बसली. सगळी रेघ सरळ होती, फक्त रोज चारच्या सुमाराला एक खड्डा. वाफ अचानक पडते, मग आग सावरायला भुसा जास्त जातो. चारला दुसऱ्या पाळीचा फायरमन येतो. मालकांनी त्याला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हे असंच चाललं तर उद्यापासून येऊ नको. तो बिचारा शपथा घेत राहिला. मी शेजारीच उभा होतो, मूग गिळून. त्याच्या घरी दोन लेकरं आहेत हे मला ठाऊक होतं. तरी मी घरी गेलो. जायच्या आधी धूर सोडला नाही, याची मला आजही लाज वाटते. म्हणजे पकडले जाऊ याची अक्कल मला होती.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी मालक यायच्या आत मी त्या मुलीसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. लॅपटॉप मिटला.

"काका, आता घरी कोण असतं?"

"कोनी नाही. पन निघालो म्हनून सांगा तं लागते ना कोनाले."

मालकांना तिने काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या फायरमनची नोकरी राहिली आणि मला कोणी बोललं नाही. तिच्या अहवालावरून महिनाभरात भट्टीचं जुनं दार वेल्डिंग करून बंद झालं. वेल्डिंगवाल्याला पत्रा मीच धरून दिला. चिमणीवर राख पकडायचं यंत्रही बसलं. आता वर पाहिलं तर बॉयलर चालू आहे की बंद तेही कळत नाही. मालक खूश आहेत, आणि खरं सांगायचं तर काम चांगलं झालं आहे.

चारला मी चप्पल घालतो, सायकल काढतो. पुलावर अजून मान मागे वळते. मागे स्वच्छ आभाळ असतं. मी निघालो आहे, हे आता कोणालाच कळत नाही.