डेलच्या वडिलांचा फोन

“बुधवारी संध्याकाळी कटओव्हर करायचा नाही,” डेल म्हणाला आणि माझं डोकंच सटकलं.

कटओव्हर म्हणजे जुनं टेलिफोन एक्स्चेंज बंद करून सगळ्या लाइन्स नव्यावर घेणं. नव्वदच्या दशकात अबू धाबीतल्या एका ऑइल कंपनीच्या ऑफिसात आम्ही नवं डिजिटल एक्स्चेंज बसवत होतो. तेव्हा तिकडे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. त्यामुळे असली कामं बुधवारी ऑफिस सुटलं की सुरू करायची. डेल तिथला अमेरिकन ऑफिस मॅनेजर, म्हणजे आमचा क्लायंट. तारखेवर सही त्यानेच केली होती.

“कारण?” मी विचारलं.

“फुटबॉल.”

मी माझ्या बॉसकडे, पाटणकरांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

डेलने समजावून सांगितलं. हा आपला फुटबॉल नव्हे. तिकडे अंडाकृती चेंडू काखोटीला मारून धावतात. त्याच्या राज्यात दोन कॉलेजांचं हाडवैर. शाळेतला एखादा पोरगा फार चांगला निघाला की दोन्ही कॉलेजं त्याच्या मागे लागतात, आणि तो कुठे जाणार ते एका ठरलेल्या दिवशी जाहीर करतो. तोवर अख्खं राज्य त्याच्यावर डोळे लावून बसतं. आपल्याकडे मुलीच्या स्थळाचीसुद्धा एवढी चौकशी होत नाही! इंटरनेट नव्हतं, तिकडचा पेपर शिळा होऊन यायचा. म्हणून दरवर्षी डेलचे वडील रेडिओ लावून फोन करायचे. तिकडची सकाळ म्हणजे अबू धाबीत संध्याकाळचे सात. खलिफा सिटीतल्या डेलच्या नव्या घरी अजून फोन लागला नव्हता, म्हणून या बुधवारचा फोन येणार तो ऑफिसातल्या त्याच्या डायरेक्ट नंबरवर.

“एका पोरासाठी अख्खं शेड्यूल हलवायचं?” मी चढ्या आवाजात म्हणाले.

डेलने उठून दार लावलं. “वडिलांच्या हार्टचं ऑपरेशन करायचंय. ते तयारच होत नाहीत. आई गेल्यापासून सगळ्यालाच ‘कशाला आता’ म्हणतात. परवा म्हणाले, पोरगा आपल्या कॉलेजात आला तर करून घेतो. नाही आला, तर मला जगून बघायचंय काय?”

साताऱ्यात माझे वडील याच वाणाचे. गोळी घ्या म्हटलं की पेपर उघडून बसायचे.

शेवटी तोडगा काढला. बाकी सगळं नव्यावर जाईल, फक्त डेलची लाइन मी मधलं एक्स्चेंज टाळून थेट केबिनमध्ये नेईन. “इन्शाल्ला,” डेल म्हणाला. अमेरिकन माणसाच्या तोंडून इन्शाल्ला ऐकलं की मला उगाचच धास्ती वाटते.

बुधवारी जुनं एक्स्चेंज बंद केलं आणि डेलच्या केबिनमधला फोन उचलला. मुका! लाइन तर तपासलेली. मग लक्षात आलं. दुपारीच आमच्या माणसांनी सगळ्या टेबलांवर नवे डिजिटल फोन ठेवले होते. ते फक्त नव्या एक्स्चेंजशी बोलतात. साध्या लाइनवर लावले तर पेपरवेट.

“जुने फोन कुठायत?”

“पाठवले ना पिकअपने,” पाटणकर म्हणाले. “दोन-अडीच तासांवरच्या उम्म अल कुवैनच्या स्टोअरला.”

“अहो सर, एक तरी ठेवायचा!”

“तूच म्हणालीस ना, ऑफिस स्वच्छ करून द्यायचंय.”

बिल्डिंगमध्ये साधा फोन उरला होता एकच, माझ्या कमरेचा टेस्ट सेट. लाइन तपासायला वापरतात तो, दोन चिमटेवाला. सात वाजत आले होते. वर सॉकेट खोलत बसायला वेळ नव्हता. “यल्ला, खाली केबल रूममध्ये!” मी ओरडले.

त्या खोलीत दीड माणूस मावतो. आम्ही चौघं घुसलो. चौथा वेन, डेलचा ऑफिसातला दोस्त, पण त्या दुसऱ्या कॉलेजचा. डोक्यावर कॉलेजची लाल टोपी. मी चिमटे लावले. थोड्या वेळाने सेट किरकिरला.

म्हाताऱ्याचा आवाज एवढा खणखणीत की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. “डेल? रेडिओ लावलाय, ऐक!” मग नुसती खरखर, त्यात कुणीतरी बोलतंय. डेलचा चेहरा उतरला.

“तुमच्याकडे गेला,” तो वेनला म्हणाला.

वेनने टोपी काढून खिशात कोंबली. त्या न बघितलेल्या पोराला दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं.

तेवढ्यात सेटमधून आरडाओरडा सुरू झाला. डेलने तो कानापासून लांब धरला.

“चार वर्षं! हा गाढव चार वर्षं त्यांच्याकडून खेळणार! आणि दरवर्षी आपली पोरं त्याला आडवा करणार! ते बघितल्याशिवाय मी मरतोय होय? त्या डॉक्टरचा नंबर कुठे ठेवलायस तू?”

सेट माझ्या हातात देऊन डेलने तारांकडे तोंड फिरवलं.

“कोण बोलतंय?” म्हातारा खेकसला.

“सर, मी टेलिफोन इंजिनिअर. डेल देतोच आहे नंबर. आवाज नीट येतोय ना?”

“अगदी स्वच्छ. असली बातमी ऐकायला एवढी चांगली लाइन कशाला दिलीत, बाई?”

शनिवारी नवं एक्स्चेंज सुरळीत चालू झालं आणि पुढे म्हाताऱ्याचं ऑपरेशनही पार पडलं. पुढच्या वर्षी त्याच दिवशी वडिलांचा फोन आला, तेव्हा डेलच्या आधी त्यांनी वेनला बोलावून घेतलं आणि त्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

तेव्हापासून प्रत्येक कटओव्हरला एक जुना साधा फोन माझ्या बॅगेत असतो. काम संपेपर्यंत पाटणकरांना तो दाखवत नाही.