जैबू सांगायची तो सिनेमा

जैबू गेल्याचा फोन माझ्याच बोर्डावर आला. उरवड्याच्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर आहे. दिवसभर इतरांचे निरोप माझ्या हातून जातात, माझ्यासाठी फोन सहसा येत नाही. त्यामुळे पलीकडून "शकुंतलाबाईंना द्या" असं कोणी म्हणालं, तेव्हा क्षणभर मीच शोधायला लागले, या कोण शकुंतलाबाई! "बोलतेय," मी म्हणाले. "मी भूगावहून, जैबूनभाभींचा दीर. भाभी सकाळी गेल्या." तेवढ्यात दुसरी लाइन वाजायला लागली. हाताला सवय, मी ती घेतली, साहेबांना जोडून दिली आणि परत आले, तोवर त्याने फोन ठेवलेला होता... सुट्टी मागून, एसटी पकडून भूगावला पोहोचले, तेव्हा तिला नेलंही होतं. दारात चपलांचा ढीग पायाला लागला. त्याला आता काही आठवडे झाले. पण मला अजून एका जागी बसवत नाही. बसले की उठते, उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही दोघी पौडच्या, मी तिची शकी. माझे वडील भातशेती करायचे, तिच्या अब्बांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. लहानपणी मला देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. त्याआधीचं थोडं आठवतं. माझा लाल परकर, दुकानात दोरीला ओवलेल्या हिरव्या बांगड्या, भाताच्या खाचरातलं पाणी. जैबूला हे सगळं ठाऊक होतं, आणि पुढे तिने मला जो सिनेमा दाखवला तो एवढ्याच भांडवलावर.

सुगी संपली की पौडला तंबूतलं टॉकीज यायचं. मध्ये कापड लावून एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. जैबूला सिनेमाचं विलक्षण वेड, पण घरातून एकटीला सोडायचे नाहीत. मग तिने युक्ती काढली. आमच्या घरी येऊन आईला म्हणाली, "शकीला बी वाटतंय की जावंसं. मी नेते, मी आणते." आणि तिच्या घरी सांगितलं, "आंधळ्या पोरीला एकटं कसं धाडायचं? तिची आई पाया पडली माझ्या." आई कुणाच्या पाया पडली नव्हती. पण दिवेलागणीच्या पहिल्या खेळाला आम्ही दोघी तंबूत मातीवर जाऊन बसलो, ते मग दर वर्षी बसत राहिलो.

बोलणं आणि गाणी मला ऐकू यायचीच. खरी पंचाईत व्हायची ती पडद्यावरची माणसं गप्प झाली की. नुसतं संगीत वाजतंय, तंबूभर लोक श्वास रोखून बसलेत, आणि मला काहीच कळत नाही. तिथे जैबू बोलायला लागायची. तोंड माझ्या डाव्या कानाशी, आवाज खाली, पण इतका भराभर! "त्यो जिन्यावं हाय, ती खाली. वर बघतीया. त्याच्या हातात चिठ्ठी हाय, पर देत न्हाई. खिशात घातली. तिचं तोंड पडलं." साडी कशी आहे विचारलं तर म्हणायची, "साबणाच्या फेसावानी, हातातनं निसटंल अशी." खलनायक कसा दिसतो? "आमच्या मामूसारखा, पर आंघूळ केलेला." मी हसले की मागून बाया ओरडायच्या, "ए पोरींनो, गप ऱ्हावा की! भाषण लावलंय नुसतं!" एकदा मात्र मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई, जरा मोठ्यानं सांग. माझ्याम्होरं खांब आलाय." त्या दिवशी जैबूचा रुबाब काय सांगावा!

एका सिनेमात नायिका आंधळी होती. शेवटी तिचं ऑपरेशन झालं, संगीत चढत गेलं, नायिका किंचाळली की मला दिसतंय, आणि तंबूत टाळ्या पडल्या. माझ्या कानाशी मात्र काहीच नाही. मी तिला ढोसलं. "पट्टी काढली, दिसाय लागलं," ती तुटकपणे म्हणाली. मग माझा हात धरून उठलीच. "चल. लबाड हायेत मेले." सिनेमा संपला नव्हता. बाहेर भजीवाल्याच्या कढईजवळ आम्ही उभ्या राहिलो. रागाने तिने माझा हात असा आवळला होता की बांगड्या रुतत होत्या. म्हणाली, "ती आंधळी असताना डोळं गरागरा फिरवीत हुती, येड्यावानी. तू न्हाई तसं करत. तू ऐकतीस तवा मान जराशी खाली घालतीस. चांगली दिसतीस." मी कशी दिसते हे देवी आल्यापासून मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे माझ्या लग्नाचं निघालं. घोटावड्याचा एक बिजवर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. वडील पोरीसोबत जमिनीचा एक तुकडाही द्यायला तयार झाले होते. बघायला आले त्या दिवशी मला धरून आणायला जैबूच होती. मी पाटावर बसले, ती माझ्या मागे. आणि तंबूतल्यासारखीच कानाशी बोलायला लागली. "बहीण म्होरं आलीया. तुझ्या तोंडाम्होरं हात हालवून बघतीया, खरंच दिसत न्हाई का म्हून." "आणि तो?" मी ओठ न हलवता विचारलं. "त्यो खिडकीतनं वावराकडं बघतोय. तुझ्याकडं एकदा बी न्हाई." मी उठले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मला नाही करायचं," आणि भिंत चाचपत आत गेले.

घरात नुसता वणवा पेटला. वडील इतकंच म्हणाले, "तिच्या डोळ्यांनी संसार करनार हायेस का तू?" जैबूला आमच्या घराचा उंबरा बंद झाला. मी हट्ट करून पुण्याला गेले, ब्रेल शिकले, टेलिफोनचं काम शिकले आणि या नोकरीला लागले. वडिलांनी पुढे माझ्या पगाराच्या साखरेचा चहा घेतला, पण त्या दिवसाचं नाव कधी काढलं नाही. जैबू लग्न होऊन भूगावला गेली. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे जायचे, मग आम्ही पुण्याला दुपारचा खेळ गाठायचो. नवऱ्याला, पोरांना जेवायला घालून ती निघायची, आणि घरी कारण अजूनही तेच... "शकीला एकटीला जमत न्हाई."

यंदा तिची कावीळ बळावली. शेवटची भेटले तेव्हा ती पलंगावर होती, आवाज आत गेलेला. उगाच इकडचं तिकडचं बोललो. मी निघायला उठले तर तिने मनगट धरलं.

"एक सांगायचं ऱ्हायलंय. त्यो घोटावड्याचा... तू उठून आत गेलीस ना, तवा त्यो बी उठला. दाराकडं बघत हुबा ऱ्हायला. लई वेळ. बहीण चल म्हनत हुती तरी."

मी विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मी बघितलं त्ये सारं खरंच सांगितलं, शके. फकस्त ह्येवढं न्हाई." मग म्हणाली, "तू गेली असतीस. मी सिनेमा कुनासंगं बघायचा?"

मी रागावले का? खरं सांगायचं तर मला आधी हसू आलं, आणि तीही खोकत हसली. तेवढ्यात तिची जाऊ चहा घेऊन आली, बोलणं तिथेच राहिलं. एसटीत बसल्यावर मात्र माझं डोकं चालायला लागलं. तो उभा राहिला, म्हणजे कसा? चिडून? हिरमुसून? की माझ्याकडे कधी कोणी पाहिलं नाही, तसा? पुढच्या रविवारी जाऊन विचारायचं ठरवलं. रविवार यायच्या आत फोन आला.

त्या माणसाने पुढे दुसरं लग्न केलं, त्याचं बरं चाललंय असं ऐकते. मला त्याचा संसार नको होता, आजही नको आहे. हे कारखान्यातलं खुर्चीटेबल माझं आहे, ते सोडून मी कुठे जाणार होते! पण त्या दाराकडे पाहणारा चेहरा मला हवा आहे. तो एकाच माणसाने पाहिला होता आणि ते माणूस सांगायच्या आत गेलं. कधी तिचा राग येतो, कधी माझा. चहाला बसून राहायला हवं होतं मी.

आता रविवारी संध्याकाळी भावाच्या घरी टीव्हीवर सिनेमा लागतो. शेजारपाजारचे येऊन बसतात. वहिनी मायेने मध्येच सांगते, "ते दोघं बागेत गेलेत हं." कसे गेले, कोण पुढे, कोण मागे, ते तिला सांगता येत नाही आणि मी विचारत नाही. मग बोलणं थांबतं, गाणंही संपतं, नुसतं संगीत वाजत राहतं आणि घर गप्प होतं. माझी मान आपोआप डावीकडे झुकते आणि तिथेच राहते.

"मान धरलीय का?" वहिनी विचारते.

मी हो म्हणते.